अंगावरून वारं गेलं, पुढे काय?
(महिला मंडळाच्या शिबिरात केलेले भाषण)



बाईला लकवा झाला की आपण म्हणतो, ‘अंगावरून वारं गेलं.’ म्हणजे व्हायचं ते एका झटक्यात होऊन गेलं. पण दरवेळी तसं नसतं.

मेंदूत खोलवर अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात. वर्षानुवर्षं रक्तदाब किंवा साखर वाढलेली राहिली की त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. पाटाला पाणी, पण शेवटची सरी कोरडी! रक्त अडून होणाऱ्या पक्षाघातांपैकी साधारण चौथा हिस्सा या बारीक वाहिन्यांमुळे होतो. सुरुवात सौम्य दिसते. जीभ जड होते, हातातलं लाटणं निसटतं. मात्र काहीजणींची तब्येत पहिल्या दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने ढासळते.

मी रुग्णालयात समाजसेविका आहे. खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या एक ताई स्वतःच्या पायांनी चालत आल्या. दुसऱ्या सकाळी त्यांची शाळकरी लेक म्हणाली, “काल आई पेला धरत होती, आज धरत नाही.” वॉर्डात उत्तर मिळालं, “लकव्यात असंच असतं.” घरचे म्हणाले, “चालतेय की! घरी नेऊ. स्वयंपाकाचं कोण बघणार?” लेक हटली नाही. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, तेव्हा गिळणंही बिघडल्याचं कळलं. तोंडाने पाणी देणं लगेच थांबवलं, नाहीतर ते फुप्फुसात गेलं असतं. हात पूर्ण परतला नाही, पण ताई वाचल्या.

त्या मुलीचं निरीक्षण म्हणजे पुरावा होता. तो ऐकला जाणं हा हक्काचा प्रश्न आहे.

म्हणून लक्षात ठेवा. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, तर मालिश नको, १०८ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा. दाखल झाल्यावर हात, पाय, बोलणं पुन्हा पुन्हा पाहा. फरक दिसताच सांगा. बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना घरी नेऊ नका. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने देऊ नका.

आणि त्याच्या कितीतरी आधी रक्तदाब मोजा. तो बहुधा दुखत-खुपत नाही, म्हणून बाई तो अंगावर काढते. तिशीनंतरची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला आकडा घेऊन यावं. सासूचा आणि जावेचाही.