एपिसोड २३ : जपानला जायच्या आधी आठ किलोमीटर

मागच्या एपिसोडमध्ये पंख्याचा आवाज फार येत होता, त्याबद्दल सॉरी. आज पंखा बंद केलाय. आणि वर्ध्यात मे महिना चालू आहे, म्हणजे मी किती वेळ बोलू शकतो ते तुम्हीच समजून घ्या.

आजचा विषय आर्वीकडच्या एका ताईच्या मेसेजवरून आलाय. तिचा लहान भाऊ नववीत जाणार आहे, नागपूरला होस्टेलवर राहून शिकतो. त्याच्या शाळेनं नोटीस काढलीय : दिवाळीच्या सुट्टीत जपान, आठ दिवस, 'सांस्कृतिक शैक्षणिक सहल', सोबत दोन शिक्षक. खर्च अडीच लाख. ताई लिहिते, "बाबांकडे कापसाचे पैसे आलेत. ते म्हणतात, पोट्ट्याचं भलं होत असेल तर पाठवू. दादा, भलं होते का?"

आता मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही बाप्पा. बीटेक केलं, कोड लिहितो, पगार घेतो. पण अडीच लाख म्हणजे त्या घरचं जवळपास वर्ष आहे. म्हणून तिच्याकडून सहलीची पीडीएफ मागवली आणि नीट वाचली. आठातले दोन दिवस विमानात. एक दिवस डिस्नेलँड, एक दिवस युनिव्हर्सल स्टुडिओ, अर्धा दिवस खरेदी. क्योटोची मंदिरं 'फोटो स्टॉप' म्हणून. आणि जपानी शाळेला भेट : पंचेचाळीस मिनिटं. बघा, डिस्नेलँडला माझा विरोध नाही. मलाही जायचंय. पण मग त्याला सहल म्हणा ना, 'सांस्कृतिक शैक्षणिक' काहून म्हणता?

हे वाचताना मला माझी नववी आठवली. सुट्टीत आम्ही तिघं मित्र सायकलनं सेवाग्रामला जायचो. वर्ध्यापासून आठ किलोमीटर. अभ्यास-बिभ्यास काही नाही, झाडाखाली सावली असते म्हणून. एकदा तिथं परदेशी कॉलेजची बारा-पंधरा मुलं होती, आणि त्यांच्या पांढऱ्या केसांच्या प्रोफेसर बाई. चार दिवस मुक्कामाला होती ती सगळी. सकाळी अंगण झाडायची, भाजी चिरायची, प्रार्थनेला बसायची. बाई भाषण देत नव्हत्या. बापूकुटीसमोर मुलांना बसवून त्यांनी एकच काम दिलं होतं : या खोलीत काय काय *नाही*, ते वहीत लिहा. फोटो नंतर. अर्धा तास सगळी गप्प. आम्ही खिडकीतून बघत होतो आणि हसत होतो, खरं सांगतो.

तेवढ्यात त्यातल्या एका मुलीनं मला इंग्रजीत विचारलं, "इथली प्रार्थना जपानी शब्दांनी का सुरू होते?"

मी म्हटलं, "जपानी नाही, संस्कृत असेल."

मी वर्ध्याचा. जन्म इथला. शाळेच्या सहली दोनदा आश्रमात आलेल्या. आणि ती प्रार्थना 'नम्यो हो रेंगे क्यो' अशी सुरू होते हे मी कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. त्या बाईंनी हसण्यावारी नेलं नाही. मला म्हणाल्या, बस. आणि माझ्याच गावाची गोष्ट मला सांगितली.

ती गोष्ट अशी. निचिदात्सु फुजी नावाचे एक जपानी बौद्ध भिक्षू १९३१ मध्ये भारतात आले. १९३३ मध्ये ते वर्ध्यात गांधीजींना भेटले. हातात छोटं ढोलकं, त्यावर ठेका धरून मंत्र म्हणायचा, ही त्यांच्या पंथाची रीत. आपल्याकडे त्यांना फुजी गुरुजी म्हणतात. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. पुढे त्याच पंथाचा एक भिक्षू आश्रमात राहून काम करू लागला आणि त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. मग डिसेंबर १९४१. जपान युद्धात उतरलं आणि इंग्रज सरकारनं त्या भिक्षूला आश्रमातून उचललं. माणूस गेला, मंत्र ठेवला. १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी लोकांना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं, चीनवरच्या आक्रमणाबद्दल कडक शब्दांत. त्याच पत्रात त्यांनी या भिक्षूचीही आठवण काढलीय. म्हणजे ज्या देशाच्या सैन्याचा निषेध करायचा, त्याच देशाच्या एका माणसाचा मंत्र रोज म्हणायचा. वर्ध्यात गीताई मंदिराजवळ पांढरा विश्वशांती स्तूप आहे ना, जिथं आपण सेल्फी काढतो, तोही याच फुजी गुरुजींच्या परंपरेचा.

आता मला सांगा, आर्वीच्या पोराला जपानला जायचं यापेक्षा चांगलं कारण कोणतं? पण हे कारण पीडीएफमध्ये नाही. टूर कंपनीला ते माहीत असायचं कारण नाही. ते सरांना माहीत असायला पाहिजे.

अजून एक सांगतो. जपानला जाऊन आलेली मंडळी रील टाकतात : "बघा, जपानमध्ये मुलं स्वतःचा वर्ग स्वतः झाडतात, जेवण स्वतः वाढतात!" खरं आहे, तिथल्या बहुतेक शाळांत रोज सफाईचा तास असतो आणि दुपारचं जेवण मुलंच वाढतात. पण मंडळी, ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली ती वर्ध्यातच, तिथून नई तालीम निघाली. हातानं काम करता करता शिकायचं. सफाई, सूत, शेती, स्वयंपाक हाच अभ्यास. सेवाग्रामात ती शाळा उभी करणारे आर्यनायकम् हे श्रीलंकेचे तमिळ, रवींद्रनाथ टागोरांबरोबर परदेश दौरे केलेले. सोबत आशादेवी, त्याही शांतिनिकेतनातून आलेल्या. पुढे शिक्षक घडवायला मार्जोरी साइक्स नावाच्या इंग्रज बाई. जग बघून आलेली माणसं खेड्यात बसली होती! आणि २००५ पासून तिथं आनंद निकेतन शाळा चालू आहे, मराठी माध्यमाची. तिथली मुलं आजही बागकाम करतात, स्वयंपाक करतात, वर्ग झाडतात. ते बघायला पासपोर्ट लागत नाही.

याचा अर्थ जपानला जाऊ नका असा नाही. उलट मला वाटतं, दोन्ही बघितलेलं पोरगं खरा प्रश्न विचारेल : तिथं हे बहुतेक शाळांत टिकलं, आपल्याकडे मोजक्याच शाळांपुरतं का उरलं? हा प्रश्न घेऊन गेलेल्याला पंचेचाळीस मिनिटंही पुरतील. प्रश्न नसेल तर पंचेचाळीस दिवस कमी.

ताईला मी फोनवर हेच सांगितलं. शाळेत जा आणि सोबत जाणाऱ्या सरांना भेट, ऑफिसात नको. विचार की जाण्याआधी मुलांना काय शिकवणार? तिथली मुलं आपल्या मुलांना काही विचारणार की नाही, आणि आपली मुलं त्यांना काय दाखवणार? (कळसूत्री बाहुल्यांसारखं 'लावणी-फेटा' बसवू नका प्लीज.) किती मुलांमागे एक शिक्षक? पोरगं रात्री आजारी पडलं तर कोण जागणार? आणि वर्गातल्या ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी परत आल्यावर काय? हा शेवटचा प्रश्न माझा स्वतःचा आहे. आमच्या वेळी सिंगापूरची सहल निघाली होती. मी नव्हतो. गेलेल्यांनी आम्हाला चॉकलेट दिलं, गोष्ट एकही सांगितली नाही.

पैशाशिवायही वाटा आहेत, थोड्या आहेत. जपान सरकारच्या संस्थेचा 'साकुरा सायन्स' कार्यक्रम २०१४ पासून चालतो. आपल्या सरकारी शाळांतली निवडक मुलं शिक्षकांसोबत जातात, खर्च जपान करतं. निवड अवघड आहे, पण आपल्या नवोदयवाल्यांनी सरांना विचारून तर बघावं. आणि परितेवाडीचे रणजितसिंह डिसले सर, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळालेले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून इंटरनेटवर दुसऱ्या देशांतल्या वर्गांशी सहली जोडायचे. 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स'मध्ये भारत-पाकिस्तानची मुलं समोरासमोर बोलली. लॅपटॉप आणि नेटवर्क एवढ्यावर. नेटवर्क आपल्याकडे जातं, ते वेगळं.

तर झालं असं की ताई शाळेत जाऊन आली. सर म्हणाले, कार्यक्रम कंपनीनं ठरवलाय, पण शाळाभेट अर्ध्या दिवसाची करता येते का विचारतो. एवढंच. मागच्या रविवारी ती आणि तिचा भाऊ बसनं वर्ध्याला आले. मी त्यांना संध्याकाळच्या प्रार्थनेला घेऊन गेलो. पोरगं आधी मोबाइलवर होतं. पहिले शब्द सुरू झाले तसं त्यानं मला कोपरानं ढोसलं आणि हळूच विचारलं, "दादा, हेच का?"

पैसे भरायची शेवटची तारीख १५ जून आहे. बाबांचं अजून ठरलेलं नाही. काय ठरतं ते पुढच्या एपिसोडमध्ये सांगतो. तोवर, तुमच्यापैकी कोणी शाळेतून परदेशी गेलं असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. आणि न गेलेल्यांनी तर नक्कीच पाठवा. चला, आता पंखा लावतो.