डिकीचा टेकू
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मंडळात दिलेले व्याख्यान)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी या व्यासपीठावरून संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांसारख्या विषयांवर आपणांस मेजवानी दिली. त्यांच्या पाठोपाठ मोटारीच्या डिकीला तोलून धरणाऱ्या दांड्यावर बोलावयास उभे राहणे हे धारिष्ट्यच होय. माझी पदवी कलाशाखेची आणि हयात गेली फायलींत. यंत्रशास्त्राचा अधिकार मी सांगत नाही. परंतु जुनी मोटार बाळगणारा मनुष्य हळूहळू अर्धा मिस्त्री होतोच.

आपल्या मंडळाचा संसार ज्या वाहनाने वाहिला ते म्हणजे मारुतीची व्हॅन. 1984 साली ती रस्त्यावर आली, 1988 साली तिचे ‘ओम्नी’ असे नामकरण झाले आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. नाटकाचे पडदे, संक्रांतीचे वाण, भातखंडे यांनी 1926 साली येथे उभारलेल्या संगीत महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलींचे तानपुरे, आणि दरवर्षी श्रींची मूर्ती, हे सारे तिच्याच मागच्या दारातून आत गेले. ते दार लोखंडाचे आणि काचेचे, एकसंध आणि चांगलेच वजनदार. मागील गणेशोत्सवात मूर्ती उतरवीत असता हेच दार अकस्मात खाली आले आणि आपल्या एका तरुण कार्यकर्त्याच्या कपाळास तीन टाके पडले. त्याने मूर्ती सोडली नाही, याचे सर्वांनी कौतुक केले. मला मात्र त्या दाराखाली क्षणापूर्वी उभी असलेली दोन लहान मुले आठवत राहिली.

पूर्वीच्या मोटारींत झाकण तोलण्यासाठी बहुधा साधी लोखंडी दांडी किंवा स्प्रिंग असे. पुढे तिच्या जागी वायूचा टेकू आला. आपले मिस्त्री त्याला ‘शॉकर’ म्हणतात. नाव तितकेसे खरे नाही, कारण धक्के सोसणे हे त्याचे काम नव्हेच. एका बंद नळकांड्यात नत्रवायू फार मोठ्या दाबाने भरलेला असतो. त्यात एक दट्ट्या आणि त्याला जोडलेला गुळगुळीत पोलादी दांडा. दट्ट्याला बारीक छिद्र असल्यामुळे वायू त्याच्या दोन्ही अंगांस सारख्याच दाबाने असतो. मग दांडा बाहेर का ढकलला जातो? दट्ट्याच्या एका बाजूचे काही क्षेत्र दांड्याने व्यापलेले असते, तेवढ्यापुरता वायूचा जोर उरतो म्हणून. आठ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचे क्षेत्र अर्धा चौरस सेंटिमीटर भरते. आत वातावरणाच्या शंभरपट दाब असेल, तर एवढ्याशा दांड्यातून सुमारे पन्नास किलो वजन उचलण्याइतका जोर मिळतो. नळकांड्यात थोडे तेलही असते. त्यामुळे तोंडावरचे रबरी सील ओले राहते आणि दार शेवटी हळुवार थांबते.

हे सील म्हातारे झाले की वायू अगदी सावकाश निसटू लागतो. म्हणूनच दार एका दिवसात निकामी होत नाही, आणि म्हणूनच आपण फसतो. आज ते पूर्ण उघडत नाही, उद्या हाताने ढकलावे लागते, परवा कोणीतरी गाडीत काठी ठेवतो आणि ती काठी घरातलीच एक व्यक्ती होऊन जाते. त्यातून लखनौची थंडी. वायूचा दाब तापमानाबरोबर कमी होतो. जून महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत जो जोर असतो, त्याचा सुमारे आठवा हिस्सा जानेवारीच्या पाच अंशांच्या पहाटे नाहीसा होतो. तेव्हा उन्हाळ्यात कसेबसे टिकणारे दार संक्रांतीच्या सुमारास दगा देते. परीक्षा घ्यावयाची ती थंडीतल्या सकाळी घ्यावी. दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, तर परीक्षेचीही गरज नाही.

लालबाग म्हटले की आपले हात आपोआप जोडले जातात. लखनौच्या लालबागेत मात्र मोटारींचे सुटे भाग मिळतात. तेथे जाताना जुन्या टेकूवर छापलेला न्यूटनचा आकडा टिपून न्यावा, पूर्ण लांबी मोजावी, आणि टोके कशी आहेत तेही पाहून ठेवावे. आकडा पुसला असेल तर गाडीचे नाव आणि साल सांगून घ्यावा. दोन टेकू असल्यास जोडीनेच बदलावेत. एक नवा आणि एक जुना असला की दार पिळले जाते. ‘साहब, इसी में गैस भरवा देंगे’ असे कोणी म्हटल्यास नम्रपणे नकार द्यावा. एवढ्या दाबाच्या नळकांड्यास भोक पाडून पुन्हा झाळणे हा गल्लीतला उद्योग नव्हे.

बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण एकट्याने करू नये. प्रथम दाराखाली भक्कम लाकडी वासा नीट टेकवावा आणि शिवाय एक मनुष्य उभा करावा, कारण जुना टेकू सुटताच सारे वजन त्यांच्यावर येते. काही टेकू बोल्टने बसविलेले असतात, काहींच्या टोकाला गोल खोबण असून तिला स्प्रिंगची चाप असते. ती चाप बारीक पेचकसाने थोडीशीच उचलावी, पूर्ण काढू नये. एक बाजू बसवून झाल्यावरच दुसरीस हात लावावा. दार बंद असताना दांड्याचे तोंड खाली राहील असे बसवावे, म्हणजे तेल सीलपाशी राहते. आणि दांड्याला पक्कड लावू नये, रंगाचा शिंतोडाही पडू देऊ नये. त्याच्यावरील एक ओरखडा नव्या सीलचा घास घेतो.

काही हौशी मंडळी जुन्या अँबॅसॅडर किंवा पद्मिनीच्या बॉनेटलाही असे टेकू लावून घेतात. मला ते फारसे पटत नाही. बिजागऱ्या जुन्या, पत्रा आतून गंजलेला. जोर जास्त झाला तर बॉनेट वाकते. मूळची दांडी सरळ करून, तिची खाच साफ करून वापरणे अधिक शहाणपणाचे. 2021 सालच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण त्यासाठी ती मूळ स्वरूपात असावी लागते. आपले मंडळ आता त्या वयाचे झालेच आहे. व्हॅनला अजून अवकाश आहे.

राहता राहिला जुना टेकू. डिकी तोलण्याइतका जोर त्यात उरला नसला, तरी आत दाब असतोच. तो होळीत टाकू नये, करवतीने कापू नये. नवा घेतलेल्या दुकानातच तो परत द्यावा. कबाडीवाल्यास दिलाच, तर आत वायू भरलेला आहे, गॅसकटर लावू नकोस, असे स्वच्छ सांगून द्यावा. त्याच्या दुकानात हाताखाली बहुधा एखादे पोर काम करीत असते.

गणेश चतुर्थीच्या आधीच्या रविवारी सकाळी नऊ वाजता ज्यांच्या व्हॅन मूर्ती आणावयास जाणार आहेत, त्यांनी त्या मंडळाच्या अंगणात आणाव्यात. वासा आणि पाने मी आणीन. टेकू ज्याचे त्याने आणावेत.