बियाणे राखते ती, सातबारा मात्र त्याचा

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाताच्या बियाण्यावर बोलणार म्हटल्यावर एका मित्राने मला विचारले, सुरतेत तीन-तीन पिढ्या काढलेल्या मंडळींना हे कशाला ऐकवता? प्रश्न रास्त आहे. इथला शेतकरी भाताला ‘डांगर’ म्हणतो आणि आपल्या घरच्या खानदेशी आजीला त्याच शब्दाने भोपळा आठवतो, इतके आपण त्या शेतापासून दूर आलो. पण आपल्यापैकी अनेकांची नावे आजही गावाकडच्या सातबाऱ्यावर आहेत. त्या कागदावर कोणाचे नाव ठेवायचे आणि कोणाचे काढायचे, हे आपण सुरतेत बसूनच ठरवतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

आधी कामाचे बोलू. भात हे स्वपरागी पीक आहे. सरळ वाणाचे बी नीट निवडून राखले तर पुढल्या वर्षी तेच पेरता येते. संकरित वाणाचे तसे नाही. ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. तेव्हा लहान शेतकऱ्याचा बियाण्याचा खर्च वाचतो तो घरच्या निवडीवर, आणि ही निवड बहुतेक घरांत बायकांच्या हाती असते.

आमची अडीच एकर भातखाचरे इगतपुरी तालुक्यात आहेत. माझी काकू कापणीच्या आधी एकटी खाचरात उतरायची. बांधालगतचे पीक सोडून मधल्या भागातल्या भरदार लोंब्या काढायची, कारण काठाला शेजारच्या वाणाची भेसळ असण्याची शक्यता अधिक. बी उन्हात वाळवायचे, दाणा दाताखाली फोडून बघायचा, मग कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरायचे. पेरणीआधी ते मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे पोचट दाणे काढायचे. कृषी खाते आजही हेच सांगते. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पुढे आवणी आणि निंदणी हीदेखील बायकांचीच कामे. नांगरणी, चिखलणी आणि बाजार पुरुषांकडे. म्हणजे बियाणे तिच्या हातातले आणि त्याचा पैसा त्याच्या हातातला.

काका वारले तेव्हा याचा अर्थ मला कळला. काकू पीककर्जासाठी गेली, तर सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून परत पाठवली. वारसनोंद होईपर्यंत एक अख्खा हंगाम गेला. बीजोत्पादनाचा प्लॉट घ्यावा म्हटले, तर तिथेही आधी सातबारा आणि आठ-अ. तीस वर्षे जिने बी राखले, तिला बियाण्याच्या कागदावर सही करता येईना.

हे एका घरापुरते नाही. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशात वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे 14 टक्के होते. कर्ज, पीकविमा, 2019 मध्ये सुरू झालेली पीएम-किसानची वर्षाला सहा हजारांची मदत, या साऱ्यांची वाट मुख्यतः जमिनीच्या नोंदीवरून जाते. आपल्या दाराशी पाहा. काकरापार आणि उकाईच्या कालव्यांमुळे ओलपाड-चोर्यासीत डांगर पिकते. तिथे चिखलात वाकून रोपणी करणाऱ्यांत हळपती भगिनींची संख्या मोठी आहे, आणि बहुतेकींच्या घरी नावावर करायला जमीनच नाही. त्यांचा प्रश्न आपल्या प्रश्नाहून बिकट आहे, हे विसरू नये.

गंमत अशी की बियाण्याचा कायदा या बाबतीत जमिनीच्या कागदापेक्षा उदार आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याची व्याख्या करताना केवळ जमीन कसणारा धरलेला नाही. पारंपरिक वाण जपणारी, निवडीने त्याचे गुण वाढवणारी व्यक्तीही शेतकरीच. बी राखण्याचा, अदलाबदल करण्याचा, विकण्याचा हक्क तिला आहे. फक्त ब्रँड लावून संरक्षित वाणाचे बी विकता येत नाही. इगतपुरीशेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावरान बियाण्यांची बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण त्यांना बीजमाता म्हणून टाळ्या वाजवतो. ते योग्यच आहे. पण घरच्या बीजमातेचे नाव सातबाऱ्यावर लावायचे म्हटले की आपण गप्प होतो.

कोणी म्हणेल, नावाने काय मोठे होते? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून एचएमटी हा तांदूळ घडवला. तो दूरवर पिकला, पण 2018 मध्ये दादाजी गेले ते गरिबीतच. खरे आहे, नुसत्या नावाने पोट भरत नाही. पण ज्याच्या शोधाची चर्चा झाली, ज्याला पुरस्कार मिळाले, त्याची ही गत. तर जिची कुठे नोंदच नाही, तिची दाद कोण घेणार?

या वाटेवर महाराष्ट्र आधी चालला आहे. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगाव शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. पुढे शासनानेही त्याच नावाने पत्नीला सहधारक करण्याची योजना आणली. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. वडील 9 सप्टेंबर 2005 रोजी हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

कायदा आला, तरी सही उरली. गावाकडे तिला हक्कसोड म्हणतात, इथे गुजरातेत ‘हक कमी’. आणि इथे मला स्वतःचे सांगितले पाहिजे. माझे वडील गेल्यावर दोन्ही बहिणींच्या हक्कसोडावर सह्या मीच घेतल्या. पाच मिनिटांचे काम होते. धाकटीने वाचूनही पाहिले नाही. मोठी एवढेच म्हणाली, “माहेर तुटू नये म्हणून करते, दादा.” मी ते प्रेम समजलो. ते भय होते, हे समजायला मला काही वर्षे लागली. आता वकिलाच्या सल्ल्याने त्यांचा हिस्सा परत त्यांच्या नावे करण्याचे काम चालू आहे. सह्या घ्यायला पाच मिनिटे लागली होती, परतफेडीला महिने लागत आहेत.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून घोषित केले. त्या निमित्ताने हळदीकुंकवाला एखाद्या शेतकरी भगिनीचा सत्कार आपण करूच. पण त्याआधी माझ्या मंडळाकडे तीन विनंत्या आहेत. एक, पुढच्या सभेला प्रत्येकाने गावाकडचा सातबारा काढून आणावा आणि घरातल्या बाईला मोठ्याने वाचून दाखवावा. दोन, बहिणीकडून हक्कसोड घेण्यापूर्वी तिने आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलावे, असा संकेत आपण सभासदांनी पाळावा. तीन, जमीन कसणारी भावजय वा चुलती गावी असेल, तर तिचे नाव लावण्यास सुरतकर हिस्सेदारांनी हरकत घेऊ नये.

काकू आता थकली आहे. मागल्या कार्तिकात तिने बियाण्याची कणगी माझ्या बहिणीला दाखवली आणि कुठल्या खाचरातले बी कुठे भरले आहे ते समजावले. मला तिने काही विचारले नाही. ते बरोबरच होते.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय गरवी गुजरात!