मजुरी कोणी द्यायची?


आपण कारखान्यात जातो. मुकादम नेतो, ठेकेदार मजुरी देतो. ठेकेदारानं पैसे बुडवले, तर मालक म्हणतो, "तुम्ही माझी माणसं नव्हेच!"

कायदा तसं म्हणत नाही. ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर मूळ मालकाने ती द्यावी, मग ठेकेदाराकडून वसूल करावी, असं १९७० च्या कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली. ५० किंवा जास्त ठेक्याचे मजूर असतील तिथे तिच्यातही हेच आहे. शिवाय कारखान्याचं मुख्य काम, थोडे अपवाद सोडून, ठेक्याने देता येत नाही. झाडलोट, पहारा ही सहसा मुख्य कामं धरत नाहीत.

म्हणून रोजची हजेरी आपण वहीत लिहू या. मजुरी बुडाली, तर मिळून कामगार कार्यालयात अर्ज देऊ या. आता आपल्याला लिहिता येतं!