नावाची मिरची आणि ओळखीची मिरची

(ताथवडे येथे शिक्षक व परसबागप्रेमी नागरिकांसमोर दिलेल्या भाषणाचा पाठ)



घरी बी टाकून वाढविलेली मिरची कोणत्या जातीची, हे कसे ओळखावे, असा प्रश्न आपण माझ्यासमोर ठेवला आहे. मी कृषिशास्त्राचा नव्हे, कला शाखेचा पदवीधर आहे. जाणकारांनी सांगितलेले लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत नेणे, हे माहिती खात्यातील माणसाचे काम. परंतु या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे. तेव्हा तिच्यापासूनच आरंभ करतो.

आमच्या आईने वर्षानुवर्षे एकच मिरची राखली होती. बोटाच्या दोन पेरांएवढी, आकाशाकडे तोंड करून उभी राहणारी आणि तिखट अशी की पातेलेभर आमटीला एक पुरे. तिला नाव नव्हते. आई तिला ‘आपली मिरची’ म्हणे. मी शहरात बिऱ्हाड केले तेव्हा तिने बियांची पुडी दिली. मी ते बी गच्चीवरील कुंडीत लावले आणि शेजारीच रोपवाटिकेतून आणलेले संकरित मिरचीचे रोप ठेवले. त्या वर्षी आईच्या झाडाला आईचीच मिरची लागली. तिचे बी धरले. पुढील वर्षी त्या बियांची सहा रोपे जगली आणि त्यांपैकी दोहोंच्या मिरच्या खाली लोंबू लागल्या, लांबीलाही दुप्पट भरल्या. आईने एक मोडून पाहिली आणि म्हणाली, “ही आपली नव्हे रे.” पुडीतले जुने बी संपले होते. गावाकडील परसातला वाफाही तोवर मोडला होता.

हे घडले कसे? मिरचीचे फूल द्विलिंगी असते व बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. तथापि मधमाश्या व इतर कीटक शेजारच्या झाडाचा पराग आणून टाकतात, आणि हे आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात घडते. अशा संकराचा परिणाम त्या वर्षीच्या फळावर दिसत नाही, कारण फळाचा गर व साल आईच्या झाडाची असते. बदल बियांत दडून राहतो आणि पुढच्या पिढीत उघडकीस येतो. म्हणूनच “मिरची तर तीच होती, मग बी कसे बिघडले?” असे आपण म्हणत राहतो.

हा प्रश्न ताथवड्यात विशेष महत्त्वाचा आहे. २००९ मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. जेथे शेते होती तेथे आज उंच इमारती आहेत. त्यांत विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण, कोल्हापूर अशा सर्व बाजूंनी आलेली कुटुंबे राहतात आणि अनेकांच्या सामानात माहेरच्या बियांची एखादी पुडी असतेच. एकेका सज्जात दोन-दोन जिल्ह्यांच्या मिरच्या शेजारी शेजारी फुलतात. मधमाशीला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते.

आता ओळखीकडे वळू. पहिला प्रश्न फळाला नव्हे, बियाला विचारावा: तू आलीस कोठून? केवळ बी पाहून जात सांगता येत नाही. पाकिटावर ‘संकरित’ असे छापले असेल, तर त्या झाडाचे बी धरून पुढे तीच मिरची मिळणार नाही. पुढच्या पिढीत गुण फुटून वेगवेगळे होतात. वाण्याकडील वाळलेल्या मिरचीचे बी असेल, तर तिचे नाव बहुधा बाजारपेठेचे असते. ब्याडगी व संकेश्वर ही कर्नाटकातील गावे, गुंटूर आंध्र प्रदेशातील, भिवापूर आपल्या नागपूर जिल्ह्यातील. गावाचे नाव मालाला चिकटते. पोत्यातील प्रत्येक मिरची एकाच वाणाची असेल याची हमी ते नाव देत नाही.

दुसरा प्रश्न फुलाला. जगात मिरचीच्या पाच प्रजाती लागवडीत आहेत. आपल्याकडील बहुतेक मिरच्या कॅप्सिकम ॲन्युअम या प्रजातीच्या असून त्यांचे फूल पांढरे व सामान्यतः पेऱ्यावर एकेकटे असते. फूल हिरवट छटेचे, फळे लहान व उभी आणि पिकल्यावर देठापासून सहज सुटणारी असतील, तर ती कॅप्सिकम फ्रुटेसेन्स असण्याचा संभव असतो. एका पेऱ्यावर दोन-तीन फुले आणि देठ जेथे फळाच्या टोपीला मिळतो तेथे वळ्यासारखी खाच दिसली, तर कॅप्सिकम चायनेन्सेचा विचार करावा. ईशान्य भारतातील प्रसिद्ध अतितिखट मिरची याच गटात गणली जाते. मात्र एका खुणेवर निकाल देऊ नये. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले ज्योती’ या वाणाला फळे घोसाने येतात, आणि तरीही ती ॲन्युअमच होय.

तिसरा प्रश्न फळाला. ते उभे की लोंबते, लांबी व जाडी किती, टोक अणकुचीदार की बोथट, साल गुळगुळीत की सुरकुतलेली, कोवळेपणी व पिकल्यावर रंग कोणता, हे सारे वहीत टिपावे. ‘पुसा ज्वाला’ लांब, सडपातळ, वाकडी व फिकट हिरवी. ब्याडगी सुरकुतलेली, गडद लाल व सौम्य. तिखटपणा शेवटी तपासावा. तो बियांत नसून ज्या पांढऱ्या गाभ्याला बिया चिकटतात तेथे असतो, आणि ऊन व पाण्याचा ताण यांनुसार कमीजास्त होतो. ही तपासणी मुलांकडून करवू नये.

इतके करूनही नाव सापडले नाही, तर काय करावे? माझे नम्र सांगणे असे की, नाव ठोकून देऊ नये. चुकीचे नाव बियाबरोबर दहा घरी जाते आणि मग खरे कोणते, हे कोणालाच कळत नाही. पुडीवर ‘अमुक तालुक्यातून आणलेली, उभी, आखूड, फार तिखट’ एवढे लिहिले आणि वर्ष घातले, तरी ते खोट्या नावापेक्षा अधिक मोलाचे आहे.

बी शुद्ध राखण्याची रीत साधी आहे. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत २०० मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. सज्जात ते शक्य नाही. म्हणून कळ्या उमलण्यापूर्वी फांदीवर मलमलीची लहान पिशवी बांधावी, फुले आल्यावर फांदी हलकेच हलवावी, फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा. दोऱ्याच्याच मिरच्या झाडावर पूर्ण लाल होऊ द्याव्यात आणि त्यांचे बी सावलीत वाळवून कोरड्या बाटलीत ठेवावे.

शिक्षकांनी शालेय परसबागेत हा प्रयोग अवश्य करावा. पंचायतीच्या सदस्यांना स्मरण देतो की, जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक संस्थांनी ठेवावयाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत गावच्या पारंपरिक वाणांना स्थान आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याचा व देण्याघेण्याचा हक्क देतो. परंतु जे बी कोणी ओळखतच नाही, त्याच्या हक्काची मागणी कोण करणार?

माझ्या सहा रोपांचे काय झाले, हे सांगून थांबतो. फळ लोंबणे हा गुण प्रभावी असतो, उभे राहणे हा झाकला जाणारा. तेव्हा ज्या चार झाडांची फळे उभी होती, त्यांत लोंबत्या शेजाऱ्याचा अंश नसण्याचाच संभव अधिक होता. त्या चारही झाडांवर मी पिशव्या बांधल्या. पुढील वर्षी त्यांच्या बियांची झाडे उगवली, फळे वर तोंड करून उभी राहिली. एक आईच्या हातावर ठेवली. तिने मोडली, जिभेला लावली आणि पाण्याचा तांब्या मागितला. आम्हां दोघांनाही उत्तर मिळाले होते. तिचे बी आज तीन घरी आहे. पुडीवर नाव नाही, पण ओळख लिहिलेली आहे.