चाकांवरचें बिऱ्हाड आणि मंद दिवा



वऱ्हाडांत ज्यांचें बालपण गेलें अशा जुन्या मंडळींना कापसाच्या गाड्यांच्या रांगा आठवत असतील. हंगामांत खेड्यांतून निघालेल्या बैलगाड्या अकोल्याच्या अथवा अमरावतीच्या बाजाराच्या वाटेनें रात्रभर चालत, आणि गाडीखालीं एक कंदील हेलकावत असे. मुक्काम पडला कीं गाडीवान त्या कंदिलाची कळ फिरवी; वात खालीं जाई, उजेड मंदावे, घासलेट वांचे आणि निजलेल्यांच्या डोळ्यांना त्रास होत नसे. उजेड कमी करणें ही त्या काळीं इतकी सोपी गोष्ट होती. आज त्याच रस्त्यांनीं जाणाऱ्या एका नव्या तऱ्हेच्या वाहनांत ती तितकी सोपी राहिलेली नाहीं, आणि ती कशी साधावी हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

२०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाड. निजण्याच्या फळ्या, लहानसा ओटा, पाण्याची टांकी आणि छताला चिकटविलेली एलईडी दिव्यांची पट्टी, असा तिचा संसार. अशी गाडी विकत घेणारीं कुटुंबें थोडीं. परंतु भाड्यानें घेणारीं, किंवा घरचीच मोठी गाडी सुताराकडून व मिस्त्रीकडून तशी करवून घेणारीं आतां आढळूं लागलीं आहेत. आषाढीस पायीं निघालेल्या दिंड्यांमागून जाणाऱ्या सामानाच्या ट्रकांतही हल्लीं हीच पट्टी लावलेली दिसते.

हे दिवे गुणी आहेत यांत शंका नाहीं. निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें उगाच नव्हे; त्या निळ्या दिव्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊनच आजचा पांढरा उजेड मिळतो. पण कपाटाएवढ्या जागेंत, डोक्यापासून हातभर अंतरावर, हा उजेड पूर्ण जोरानें जळूं लागला म्हणजे तो सुखाचा राहत नाहीं. एकाला वाचावयाचें असतें, दुसऱ्याला निजावयाचें असतें, आणि तान्हें मूल असल्यास बोलावयासच नको. अमरावतीहून परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्यास मुक्कामास जावें, आणि तेथील रात्र खिडकींतून पाहावयाची तर कांचेवर आपलेंच प्रतिबिंब दिसावें, हें कोणत्या पर्यटनाचें फळ?

दुसरी गोष्ट शिल्लक विजेची. समजा, गाडींत एकंदर ३६ वॅटचे दिवे आहेत. बारा व्होल्टांवर ते ३ अँपियर प्रवाह घेतात. सायंकाळीं सहापासून अकरापर्यंत ते जळले तर १५ अँपियर-तास खर्ची पडले. १०० अँपियर-तासांच्या शिशाच्या बॅटरींतून निम्म्याहून अधिक वीज काढूं नये ही जाणत्यांची रीत आहे; तेव्हां खरी पुंजी ५०चीच, आणि पंखा व पाण्याचा पंप तिच्यावरच चालावयाचे. तेच दिवे तिसऱ्या हिश्श्यावर आणले तर खर्च ५ अँपियर-तासांवर येतो. शिवाय डोळ्याचा गुण असा कीं, उजेड एक चतुर्थांश केला तरी त्याला तो सुमारें निम्माच झाल्यासारखा भासतो. म्हणून तिसऱ्या हिश्श्याच्या उजेडांत जेवणखाण, गप्पा सहज होतात. ज्यांच्या गाडींत दिव्यांसाठीं निराळी बॅटरी नाहीं त्यांनीं तर हा हिशेब पाठच करावा, कारण त्यांच्याकडे रात्रीच्या उजेडाची किंमत सकाळीं इंजिनाला द्यावी लागते, आणि डोंगरांतल्या थंड सकाळीं तें इंजिन अधिकच अडून बसतें.

आतां डिमर. पहिला मोह असा होतो कीं, बाजारांतून पंख्याचा किंवा दिव्याचा घरगुती रेग्युलेटर आणावा आणि गाडींत बसवावा. तो चालत नाहीं, आणि कां चालत नाहीं हें समजून घेण्याजोगें आहे. घरची वीज सेकंदास पन्नास आवर्तनें करते, म्हणजे सेकंदांत शंभर वेळां शून्यावर येते. रेग्युलेटरांतील ट्रायॅक नांवाचा घटक प्रत्येक वेळीं कांहीं क्षण दार मिटून ठेवतो व मग उघडतो. आणि एकदां उघडलेलें दार प्रवाह शून्यावर आला तरच मिटतें. बॅटरीचा प्रवाह मात्र एकाच दिशेनें अखंड वाहतो. तो शून्यावर येतच नाहीं. त्यामुळें दार उघडलें कीं उघडेंच राहतें, दिवा पूर्ण जळतो, आणि कळ फिरविणारा फिरवीतच बसतो.

मग मध्यें एखादा रोध घालून दाब कमी करावा काय? तोही मार्ग बरा नव्हे. बारा व्होल्टांच्या पट्टींत तीन तीन दिवे एका ओळींत जोडलेले असतात व प्रत्येकाला सुमारें तीन व्होल्ट लागतात. दाब थोडा उतरला कीं उजेड झपाट्यानें पडतो, आणि नऊ व्होल्टांच्या खालीं गेला कीं जवळजवळ विझतोच. कंदिलाच्या वातीसारखी सावकाश उतरण येथें मिळत नाहीं, आणि रोध तापतो तो निराळाच.

खरा उपाय दाब न बदलतां वेळ कापण्याचा आहे. योग्य डिमर दिवा सेकंदास शेंकडों, क्वचित् हजारों वेळां लावतो व मालवतो. चालू काळ जास्त तर उजेड जास्त, बंद काळ जास्त तर उजेड कमी. डोळ्याला मात्र तो सलग दिसतो. यास पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात, आणि दुकानांत ‘पीडब्ल्यूएम डिमर’ म्हटल्यावर तो मिळतो. त्याची परीक्षा सोपी आहे: मंद उजेडांत पेन्सिल भराभर हलवून पाहावी. तिच्या सुट्या सुट्या प्रतिमा ठळक दिसल्या तर कापण्याचा वेग कमी आहे असें समजावें. असा डिमर कित्येकांचें डोकें दुखवितो.

जोडणी करतांना प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी, म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडत नाहीं. नंतर धन टोंकापासून निघालेली तार बॅटरीजवळच फ्यूजमधून न्यावी, तेथून बटणाकडे, बटणापासून डिमरकडे, आणि डिमरपासून दिव्यांकडे. आमच्या ३ अँपियरच्या उदाहरणांत ५ अँपियरचा फ्यूज, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि निदान ५ अँपियर सोसणारा डिमर योग्य होय. फ्यूजविषयीं थोडें अधिक बोलतों, कारण येथें निष्काळजीपणा फार चालतो. बारा व्होल्टांचा धक्का बसत नाहीं, म्हणून ही वीज निरुपद्रवी आहे असा समज आहे. पण तार कोठें घासून सांगाड्याला टेकली, तर हीच बॅटरी शेंकडों अँपियर ओतते, आणि तार कांहीं क्षणांत लालबुंद होते. भोंवतीं प्लायवूड, फोम, पडदे आणि गॅसची टांकी असते, आणि आंत माणसें निजलेलीं असतात. म्हणून पत्र्यांतून जाणाऱ्या प्रत्येक तारेला रबरी कडें हवें, आणि सांधे नुसता पीळ देऊन नव्हे तर दाबून बसविलेल्या टोप्यांचे हवेत; आपल्याकडील रस्ते पिळाचा सांधा सहा महिनेही टिकूं देत नाहींत.

एक फसवी जागा सांगून ठेवतों. बहुतेक डिमर धन तार तशीच पुढें जाऊं देतात व ऋण तार कापतात. मोटारींत पुष्कळ मिस्त्री दिव्याची ऋण तार जवळच्या स्क्रूनें सांगाड्याला लावून टाकतात. तसें केल्यास प्रवाह डिमरला वळसा घालून परत जातो आणि दिवा कळीला जुमानीत नाहीं. दिव्यांची ऋण तार वेगळी आणून डिमरच्या निर्गमालाच जोडली पाहिजे. शिवाय छताच्या कांहीं गोल दिव्यांत दाब सांभाळणारें स्वतःचें यंत्र असतें. डिमर उजेड उतरवूं पाहतो, तें यंत्र तो सांवरूं पाहतें, आणि दोघांच्या भांडणांत दिवा लुकलुकतो. असे दिवे घेण्यापूर्वींच, मंद होणारे आहेत ना, असें विचारावें आणि दुकानांतच लावून पाहावें.

इंजिन चालूं असतां बॅटरीवरील दाब १४ व्होल्टांवर चढतो. तेवढ्यानें साध्या पट्टींतला प्रवाह दीडपटीपर्यंत जातो व ती तापून लवकर निकामी होते. वेळ कापणारा डिमर हा दाब कमी करीत नाहीं. त्यासाठीं बारा व्होल्टांवर दाब स्थिर ठेवणारें साधन निराळें बसवावें, किंवा पट्टी प्रवासांत बंदच ठेवावी. चालकाच्या समोरील कांचेवर प्रतिबिंब पडूं नये म्हणूनही तेंच बरें. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हांत उभ्या असलेल्या गाडीच्या छताच्या पोकळींतला ताप त्याहूनही अधिक. तेव्हां डिमर तेथें न दडपतां दाराजवळ, हवा लागेल अशा जागीं बसवावा. रंगाचेंही लक्षांत ठेवावें. जुना तारेचा दिवा मंद होतांना तांबूस होई. एलईडी पांढरी असेल तर मंद झाली तरी पांढरीच राहते. म्हणून प्रथमच २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर उजेड निवडावा. पावसाळ्यांत मेळघाटाच्या अंगाला उतरल्यावर त्यावर किडेही तुलनेनें कमी येतात.

आणि आपल्यापैकीं जे प्रवासांतही रेडिओ सोडीत नाहींत, त्यांच्यासाठीं एवढेंच कीं, वेळ कापण्याच्या या क्रियेनें मध्यम लहरींवर खरखर उमटते. डिमर रेडिओपासून दूर ठेवावा, दिव्यांकडे जाणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींस पीळ देऊन न्याव्यात; तरीही ती राहिली, तर बातम्यांच्या वेळेपुरता दिवा पूर्ण करावा. बहुतेक डिमरांत पूर्ण उजेडाला तुकडे पडत नाहींत, आणि खरखरही तेथेंच थांबते.