फ्रान्सला जाणाऱ्या मुलांसाठी



कडोदऱ्याच्या मुलांना फ्रान्स फार दूरचा वाटेल. परंतु फ्रेंच कंपनीने हिंदुस्थानातील आपली पहिली वखार १६६८ साली येथून जवळच, सुरतेत उघडली होती. शाळेच्या सहलीत मुलांनी पॅरिसची संग्रहालये अवश्य पाहावीत. ज्याच्या घडणीचे कसब २०२२ साली युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त वारसा मानले, तो लांबट ‘बागेत’ पावही चाखावा. मात्र एक दिवस उत्तरेकडील न्यव्ह शापेल या खेड्यासाठी राखावा. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी तेथे लढल्या. तेथील १९२७ च्या स्मारकावर, ज्यांचे अंतिम विश्रांतिस्थान ज्ञात नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. युद्ध साम्राज्याचे होते, हे खरे; पण माणसे आपली होती. मुलांनी ती नावे थांबून वाचावीत, एवढीच विनंती.